फाईल पूर्ण, हात कोरा : इलेक्ट्रॉनिक्सची तालीम आपल्या मुलांना कशी मिळतेय?

गेल्या रमजानच्या चार दिवस आधीची गोष्ट. आमच्या मोहल्ल्यातल्या मस्जिदीचा ॲम्प्लिफायर अचानक ‘भोंऽऽ’ करायला लागला. अज़ान ऐकू येत होती, पण तिच्या मागे एक जाडसर गुणगुण सतत चालू. तरावीहसाठी हाफिजसाहेब बाहेरगावाहून येणार होते आणि मशीन दुरुस्तीला चंद्रपूरला पाठवली तर आठ दिवस गेलेच. कमिटीच्या लोकांना आठवलं की माझा एक जुना विद्यार्थी इलेक्ट्रॉनिक्स इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि सुट्टीत घरी आलाय. त्याला बोलावलं. पोराने ॲम्प्लिफायर पुढून पाहिला, मागून पाहिला आणि मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “सर, मी कधी असा सेट उघडलेलाच नाही.”

हुशार मुलगा आहे हो. बारावीला गणितात चांगले मार्क होते. त्याच्या अब्बांनी दोन हंगामांचा कापूस आणि वर थोडं कर्ज घालून त्याची फी भरली आहे. त्या दिवशी दहा लोकांसमोर त्याचा चेहरा पडला आणि खरं सांगतो, मास्तर म्हणून मलाही वाईट वाटलं.

मग चौकातल्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानातल्या मुलाला आणलं. हा बारावी नापास. त्याने आधी प्लग काढला, चार स्क्रू सोडले, झाकण उचललं आणि दोन मिनिटांत टेस्टरच्या टोकाने दाखवलं, “हा कपॅसिटर फुगलाय.” डब्यातून दुसरा काढला, जुन्यावर लिहिलेला आकडा आणि नव्यावरचा आकडा जुळवला, दोन्ही ४७०० मायक्रोफॅरड. सोल्डरिंगची कांडी तापायला ठेवली. तेवढ्यात आमचा इंजिनियर पुढे झाला. त्याने नवा कपॅसिटर हातात घेऊन पाहिला आणि म्हणाला, “थांब, हा पंचवीस व्होल्टचा आहे. ट्रान्सफॉर्मरवर चोवीस लिहिलंय. चोवीस एसी म्हणजे डीसी करून बत्तीस-तेहतीसच्या वर जाणार. हा फुटेल.” जुन्यावर पाहिलं तर ५० व्होल्ट लिहिलेलं होतं. दुकानातल्या मुलाला मायक्रोफॅरड जुळवायचे हे माहीत होतं, व्होल्टचा आकडा का लिहितात हे त्याला कोणी सांगितलेलंच नव्हतं. योग्य कपॅसिटर दुसऱ्या दिवशी गडचांदूरहून आला, बसवला आणि आवाज साफ झाला.

या प्रसंगात नेमकं काय घडलं ते थोडं समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

आपल्या घरातली वीज सेकंदाला १०० वेळा दिशा बदलते. ॲम्प्लिफायरच्या आतल्या भागांना अशी हेलकावे खाणारी वीज चालत नाही, त्यांना सरळ एका दिशेने वाहणारी डीसी लागते. म्हणून आधी ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज कमी करतो, मग चार डायोडचा ब्रिज दोन्ही बाजूंचे हेलकावे एकाच दिशेला वळवतो. आता सेकंदाला १०० उंचवटे मिळतात आणि दोन उंचवट्यांच्या मध्ये खड्डा असतो. हा खड्डा भरायचं काम कपॅसिटर करतो. व्होल्टेज वर असताना तो भरून घेतो, खाली गेलं की सोडतो, जशी गच्चीवरची टाकी नळ गेल्यावरही घरात पाणी देते. या कपॅसिटरच्या आत एक ओलसर रसायन असतं. उष्णतेने ते हळूहळू सुकतं, आत वायू होतो, डोकं फुगतं आणि साठवण्याची ताकद कमी होते. मग खड्डे भरत नाहीत आणि तेच सेकंदाला १०० हेलकावे स्पीकरमधून ‘भोंऽऽ’ म्हणून ऐकू येतात. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा एक ठोकताळा आहे की तापमान १० अंशांनी वाढलं की अशा कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. चंद्रपूरचा उन्हाळा, वर बंद लाकडी कपाटात ठेवलेला ॲम्प्लिफायर. तो इतकी वर्षं टिकला हेच खूप झालं.

आता चोवीसचे तेहतीस कसे झाले? एसीचा जो आकडा लिहितात तो एक प्रकारची सरासरी असते. प्रत्यक्षात लाटेचं टोक त्याच्या १.४१ पट उंच असतं. २४ गुणिले १.४१ म्हणजे जवळपास ३४, त्यातून डायोडमध्ये एक-दीड व्होल्ट जातो. हे सूत्र आमच्या इंजिनियरने परीक्षेत चार वेळा लिहिलं असेल. पण त्या सूत्रामुळे एक कपॅसिटर फुटायचा वाचतो हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. नंतर मला तोच म्हणाला, “सर, तीन वर्षांत आज पहिल्यांदा वाटलं की मला काहीतरी येतं.”

मी त्याला विचारलं, बाळा, कॉलेजात प्रॅक्टिकल होत नाही का? होतं. कसं होतं? एका टेबलाला पाच जण. टेबलावर ट्रेनर किट, म्हणजे एक पेटी, जिच्यावर सर्किट आधीच छापलेलं आणि आत आधीच जोडलेलं असतं. आपण फक्त दोन-चार वायरी खोचायच्या आणि मीटर वाचायचा. एक जण वायरी लावतो, एक जण वाचतो, बाकीचे उतरवून घेतात. मीटर बंद असेल तर मागच्या वर्षीच्या जर्नलमधून रीडिंग घ्यायची. ग्राफ सुंदर येतो, कारण तो आधीच कुणाचा तरी आलेला असतो. सबमिशनच्या आठवड्यात रात्र-रात्र बसून फाईल पूर्ण, सरांची सही, ओरलला पाठ केलेले दहा प्रश्न. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट तर मोठ्या शहरांत तयारच विकत मिळतो, रिपोर्टच्या बाइंडिंगसकट. मी कुठल्या एका कॉलेजचं नाव घेत नाही आणि सगळीच कॉलेजं अशी आहेत असंही नाही. पण वेगवेगळ्या ठिकाणी शिकणारी माझी मुलं मला हेच सांगतात.

या पद्धतीत चुकायला जागाच नाही आणि इलेक्ट्रॉनिक्स तर चुकूनच येतं. एलईडी उलटा लावला की पेटत नाही, रेझिस्टर न लावता थेट बॅटरीला जोडला की क्षणभर लख्ख पेटून कायमचा जातो. दोन रुपयांचा एलईडी जाळणाऱ्या मुलाला रेझिस्टर पुन्हा समजावून सांगावा लागत नाही. छापील पेटीवर एलईडी जळत नाही, म्हणून काही कळतही नाही.

आपल्या समाजाच्या बाबतीत यात एक वेगळी खंत आहे. हाताचं काम आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. मोटार रिवाइंडिंग, गाड्यांचं वायरिंग, टीव्ही-मोबाईल दुरुस्ती, वेल्डिंग, या दुकानांवर पाट्या कुणाच्या आहेत ते कुठल्याही तालुक्याच्या बाजारात फिरून पाहा. उस्तादाकडे शागिर्दाने बसायचं आणि बघत-बघत शिकायचं, ही रीत आपल्याला नवी नाही. पण मुलगा हुशार निघाला की आपण त्याला या हुनरपासून मुद्दाम दूर ठेवतो. “तू फक्त पढाई कर, दुकानात हात काळे करू नकोस.” आणि जो अभ्यासात मागे पडला त्याला दुकानात बसवतो आणि त्याची पुस्तकं बंद करतो. एकाच घरात दोन भाऊ असे वाढतात. मस्जिदीत त्या दिवशी जे दोघं समोरासमोर आले ते चुलत भाऊ होते, हे मी आधी सांगायचं राहून गेलं.

या दोन्ही गोष्टी एकत्र आणता येतात का? महाराष्ट्रातच एका माणसाने हे चाळीस वर्षांपूर्वी करून दाखवलंय, तेही जिवतीसारख्याच कोरडवाहू, आडबाजूच्या गावात. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात पाबळ नावाचं गाव आहे. तिथे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. कलबाग अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून पीएचडी करून आलेले, हिंदुस्तान लिव्हरमध्ये शास्त्रज्ञ म्हणून मोठ्या हुद्द्यावर काम केलेले. ते सोडून पाबळला राहायला गेले आणि शाळा सुटलेल्या, दहावी नापास झालेल्या मुलांना हाताशी धरलं. मुलांनी वेल्डिंग, बांधकाम, विजेचं काम, शेती, पशुपालन हे सगळं करायचं आणि ते खोट्या ‘प्रॅक्टिकल’साठी नाही, गावातल्या खऱ्या गिऱ्हाइकासाठी. गेट बनवलं तर ते कुणाच्या तरी वाड्याला लागणार आणि तो माणूस पैसे देताना घासाघीसही करणार! काम करता करता गणित आणि विज्ञान त्यातूनच काढायचं. हीच पद्धत नंतर आठवी ते दहावीच्या शाळकरी मुलांसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’, म्हणजे आयबीटी या नावाने राज्यातल्या अनेक शाळांत गेली. शाळा सुटलेल्यांसाठी एक वर्षाचा निवासी डिप्लोमा आहे.

पुढची गोष्ट अजून नवल वाटेल अशी आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या जगप्रसिद्ध संस्थेत प्राध्यापक नील गेर्शनफेल्ड यांनी ‘फॅब लॅब’ नावाची कल्पना मांडली. एका खोलीत लेझर कटर, सर्किट बोर्ड कोरणारं छोटं मशीन आणि इलेक्ट्रॉनिक्सचं टेबल ठेवायचं आणि सामान्य माणसाला त्याला हवी ती वस्तू स्वतः बनवू द्यायची. अमेरिकेबाहेर अशी पहिली लॅब कुठे झाली? टोकियोत नाही, बेंगळुरूलाही नाही. २००२ साली पाबळला झाली. का, तर तिथे खरे प्रश्न होते आणि हाताने काम करायची सवय असलेली मुलं होती. गावातली डिझेल इंजिनं नीट ट्यून नसल्याने तेल खातात, ते तपासणारं साधन, दुधाची प्रत मोजणारं साधन, असे प्रयोग तिथे झाले. इलेक्ट्रॉनिक्स हे असं, गावाच्या अडचणीतून सुरू झालं. डॉ. कलबाग २००३ मध्ये गेले, आश्रमाचं काम आजही चालू आहे.

सरकारी अभ्यासक्रमही आता याच दिशेला वळतोय, हे मान्य करायला हवं. तंत्रशिक्षण मंडळाने पॉलिटेक्निकसाठी २०१७-१८ पासून ‘आय स्कीम’ आणली. त्यात सहा आठवडे कारखान्यात प्रशिक्षण आणि विषयागणिक छोटे मायक्रोप्रोजेक्ट आले. २०२३-२४ पासूनच्या ‘के स्कीम’मध्ये प्रत्यक्ष कामाला आणखी जागा आहे. एआयसीटीईने २०१८ साली इंजिनियरिंगच्या पदवीचा बोजा १६० क्रेडिटवर आणला, तो इंटर्नशिप आणि प्रोजेक्टला वेळ मिळावा म्हणूनच. कागदावर चांगलं आहे. पण मायक्रोप्रोजेक्टचीही प्रिंट काढून फाईल करता येते, हे मुलांना आपल्यापेक्षा लवकर कळतं. अभ्यासक्रम बदलला तरी लॅबच्या कपाटाची चावी कुणाकडे आहे आणि सामान जळलं तर भरपाई कोण देणार, यावर शेवटी सगळं अडतं.

आणि सामान खरंच महाग राहिलेलं नाही. २००५ मध्ये इटलीतल्या इव्हरिया गावात काही शिक्षकांनी डिझाइन शिकणाऱ्या, म्हणजे इंजिनियर नसलेल्या मुलांसाठी एक छोटा बोर्ड बनवला, त्याचं नाव आर्डुइनो. संगणकावरून त्यात प्रोग्राम टाकायचा आणि तो बोर्ड सेन्सर वाचतो, मोटार फिरवतो, दिवा लावतो. त्याचा आराखडा त्यांनी सगळ्यांसाठी खुला ठेवला, म्हणून आज त्याच्या नकला काही शे रुपयांत मिळतात. मल्टिमीटर दोन-तीनशेत येतो, सोल्डरिंगची कांडी तेवढ्यातच, ब्रेडबोर्ड शंभराच्या आसपास. ईदीच्या पैशात बसणारा खर्च आहे. घरी लॅपटॉप असेल तर टिंकरकॅडवर फुकटात सर्किट जोडून पाहता येतं, तिथे जळालेला एलईडी पुन्हा जिवंतही होतो. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’वर बरेच धडे मराठीतही आहेत. त्याच आयआयटीने २०१४ मध्ये दहा लाख सौर दिव्यांचा उपक्रम सुरू केला, त्यात खेड्यातल्याच लोकांना दिवे जोडायला आणि दुरुस्त करायला शिकवलं. जोडणाऱ्यांत बायका-मुलीही होत्या.

आमच्या भागाला तर विषय शोधायला लागतच नाहीत. जिवतीच्या पहाडावर रानडुकरं पीक खातात हे सगळ्यांना माहीत आहे. काही शेतकरी वैतागून कुंपणाच्या तारेत थेट लाईनची वीज सोडतात आणि चंद्रपूर-गडचिरोलीत त्यात वाघ मेल्याच्या, माणसं मेल्याच्या बातम्या आपण वाचतो. हा गुन्हा आहेच, पण लोकांना त्यातलं विज्ञानही कळलेलं नाही. बाजारात जी ‘झटका मशीन’ मिळते ती काही हजार व्होल्ट देते, घरातली लाईन २३० व्होल्ट देते. मग मरण कशाने येतं? लाईनच्या विजेने. कारण झटका मशीन १२ व्होल्टच्या बॅटरीवरून कपॅसिटर भरते आणि साधारण सेकंदाला एकदा, सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ, मोजकी ऊर्जा तारेत सोडते. दोन झटक्यांच्या मध्ये जनावराला मागे हटायला वेळ मिळतो. लाईनची वीज अखंड वाहते, स्नायू आखडतात, हात तारेवरून सुटत नाही आणि हृदय बंद पडतं. परत तोच कपॅसिटर बघा! मस्जिदीत खड्डे भरत होता, शेतात झटका देतो. नववीच्या वर्गात मी हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरची, एरवी खिडकीबाहेर बघणारी पोरंसुद्धा पुढे सरकली, कारण त्यांच्या शेतात ती मशीन आहे. (तिचं झाकण घरी उघडायचं नाही, हेही त्याच तासाला तीनदा सांगितलं. कपॅसिटर बंद मशीनमध्येही भरलेला राहतो.)

वर्गात सांगण्याच्या पुढे शाळेत काय होऊ शकतं? आमच्याकडे मोठी लॅब नाही. एक लोखंडी पेटी आहे, तिच्यात जुने रेडिओ, बंद पडलेले चार्जर, एलईडी बल्ब. रविवारी दोन तास मुलं ते उघडतात. एलईडी बल्ब गेला म्हणजे बहुतेक वेळा एखादाच एलईडी गेलेला असतो, पण ते एकापाठी एक जोडलेले असल्याने सगळेच विझतात. हे मुलींनी स्वतः शोधून काढलं. मुलांपेक्षा मुलींचं सोल्डरिंग स्वच्छ असतं हा माझा अनुभव आहे, कुणाला राग आला तर येऊ द्या.

आता पालकांच्या कामाचं. घाट उतरून खाली गेलं की गडचांदूर, आवाळपूर, उपरवाही या पट्ट्यात सिमेंटचे कारखाने आहेत, चंद्रपूरला २९२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र आहे. सिमेंटच्या भट्टीत माल १४५० अंशांपर्यंत तापवावा लागतो. एवढी उष्णता साध्या थर्मामीटरने मोजता येत नाही. असं तापमान मोजायला दोन वेगळ्या धातूंच्या तारांची जोडी वापरतात, तिला थर्मोकपल म्हणतात. तिच्यातून मिलिव्होल्टमध्ये, म्हणजे एका सेलच्या कितीतरी पट कमी व्होल्टेज येतं. ते वाढवायचं, स्वच्छ करायचं आणि कंट्रोल रूमपर्यंत न्यायचं, हे काम इलेक्ट्रॉनिक्स आणि इन्स्ट्रुमेंटेशन शिकलेल्यांचं. या कामासाठी माणूस घेताना फक्त मार्कशीट पाहून भागत नाही.

तिथे पोहोचायला बारावी आणि मग पदवी हा एकच रस्ता नाही. दहावीनंतर आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. तो केलेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो आणि डिप्लोमानंतर पदवीच्याही थेट दुसऱ्या वर्षात. या वाटेने गेलेल्या मुलाचा हात आधी तयार होतो, पुस्तक मागून येतं. आमच्याकडे आयटीआय म्हटलं की लोक तोंड वाकडं करतात, “तेवढंच का?” पण दुकानात बसलेल्या त्या बारावी नापास मुलाला मी आता हेच सांगतोय. दहावी त्याची पास आहे, वय गेलेलं नाही. चंद्रपूरला १९९६ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, ब्रह्मपुरी आणि गडचिरोलीला शासकीय पॉलिटेक्निक आहे, नागपूरला अंजुमनचं इंजिनियरिंग कॉलेज आहे. शिक्षणकर्जासाठी मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडे चौकशी करा.

कॉलेज निवडताना आपण इमारत, बस आणि हॉस्टेल बघतो. मुलीसाठी हॉस्टेल बघितलंच पाहिजे, त्यात चूक नाही. पण त्यासोबत लॅबमध्येही जा आणि विचारा, एका टेबलाला किती मुलं? ऑसिलोस्कोप किती आहेत आणि त्यातले चालू किती? मुलं सर्किट स्वतः ब्रेडबोर्डवर जोडतात की पेटीवर वायरी खोचतात? मागच्या वर्षीचे प्रोजेक्ट दाखवा म्हणा आणि रिपोर्ट दाखवला तर म्हणा, वस्तू दाखवा, चालवून दाखवा. प्रॅक्टिकलच्या वेळेनंतर लॅब उघडी राहते का? ट्रेनिंगला मुलं कुठल्या कारखान्यात गेली होती? ऑफिसमधल्या माणसाला उत्तरं येत नसतील तर व्हरांड्यात तिसऱ्या वर्षाचा एखादा मुलगा गाठा, तो खरं सांगेल. आणि बघायला जाल तेव्हा मुलाला-मुलीला सोबत न्या, सुट्टीच्या दिवशी जाऊ नका आणि जाण्याआधी फोन करून त्या दिवशी प्रॅक्टिकल किती वाजता आहे ते विचारून घ्या. लॅब चालू असते तेव्हाच ती कशी चालते ते दिसतं.